पहिला हायवा डंपर येण्याआधी वही उघडा: गावाशेजारच्या बांधकामाचा पर्यावरणावरचा परिणाम कसा नोंदवायचा

विदर्भातल्या बहुतेक गावांत क्रम ठरलेला असतो. रस्त्याचं, कालव्याचं किंवा पुलाचं काम सुरू होतं. पहिले सहा महिने कोणी काही बोलत नाही. मग एखादी विहीर गढूळ होते, नाल्याचं पाणी वावरात शिरतं, वेचणीला आलेला कापूस मातकट दिसायला लागतो. तेव्हा मोबाईल बाहेर निघतात, कलेक्टरला निवेदन जातं, पेपरात चार ओळी येतात. आणि पाहणीला आलेला अधिकारी एकच प्रश्न विचारतो: "आधी कसं होतं?"

हा प्रश्न मलाही विचारला गेला आहे. "काचेसारखं पाणी होतं साहेब," मी म्हणालो. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनीही माना हलवल्या. अहवालात मात्र आलं, "अर्जदाराकडे पूर्वीची नोंद उपलब्ध नाही." प्रकरण तिथेच बसलं.

पुढचे टप्पे त्यानंतर तीन-चार गावांत हात पोळून घेत बसवलेले आहेत. क्रम बदलू नका. पहिले तीन टप्पे काम सुरू होण्याआधीचे आहेत, आणि नेमके तेच सगळे जण गाळतात.

## टप्पा १: काम कोणाचं, परवानगी कोणती

आधी एक गैरसमज काढून टाकू. "या कामाला पर्यावरण मंजुरीच नाही, म्हणजे काम बेकायदा" हे वाक्य प्रत्येक ग्रामसभेत ऐकू येतं आणि बरेचदा ते चूक असतं. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत कोणत्या कामाला पर्यावरण मंजुरी लागते त्याची यादी आहे. नवा राष्ट्रीय महामार्ग त्यात येतो. जुन्या राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि ठरावीक रुंदीपेक्षा जास्त नवी जागा घेतली जात असेल, तर तेही येतं. इमारतींचं बांधकाम २०,००० चौरस मीटरपासून पुढे येतं. तुमच्या गावाला जोडणारा आठ किलोमीटरचा रस्ता त्यात येत नाही.

पण म्हणून ठेकेदार मोकळा सुटत नाही. त्याच आठ किलोमीटरसाठी लागणाऱ्या क्रशरला, डांबर प्लान्टला आणि आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लान्टला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. मुरूम-गिट्टी काढायला गौण खनिजाची परवानगी लागते. झाडं तोडायला वेगळी परवानगी. नाल्यातून टँकर भरायचा तर त्यालाही कोणाची तरी सही हवी. बहुतेक वेळा पकड इथेच सापडते.

म्हणून ही कागदं गोळा करा:

१. कामाचा आदेश आणि अंदाजपत्रक. काम सार्वजनिक बांधकाम विभागाचं, राष्ट्रीय राजमार्ग प्राधिकरणाचं, रस्ते विकास महामंडळाचं, विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाचं की जिल्हा परिषदेचं, हे आधी पक्कं करा. अर्ज चुकीच्या दारात गेला तर सहा महिने तिथेच फिरतो.

२. पर्यावरण मंजुरी लागत असेल तर मंजुरीचं पत्र आणि त्याच्या अटी. केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाने शोधता येतं. मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीला मिळायला हवी आणि पंचायतीने ती ३० दिवस फलकावर लावायला हवी. ग्रामसेवकांना विचारा, कपाटात पडून असते.

३. दर सहा महिन्यांचा अटीपालन अहवाल. तो १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे, मागितला तर मिळायला हवा.

४. क्रशर आणि प्लान्टचं संमतीपत्र. मुदत आणि अटी दोन्ही वाचा.

५. गौण खनिज परवाना: गट नंबर, किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), कोणत्या तारखेपर्यंत.

६. झाडतोडीची परवानगी आणि झाडांची यादी.

जे मिळत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. एकाच अर्जात रस्ता, विहीर, झाडं, सरपंच सगळं कोंबलं की अर्ज फेटाळायला त्यांना आयतं कारण मिळतं. या कायद्यातली आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: कलम २(जे) मध्ये नुसती कागदं नाहीत, चालू कामाची पाहणी करणं आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेणं हाही अधिकार दिला आहे.

तपासा: जनसुनावणी झालेला प्रकल्प असेल तर पर्यावरण परिणाम मूल्यांकन अहवालात नमुने घेतलेल्या ठिकाणांची यादी पाहा. तुमच्या गावाचं नाव नसेल, तर तुमच्या पाण्या-हवेची नोंद सरकारदरबारी नाही. ती तुम्हालाच करायची आहे.

## टप्पा २: चार माणसं, एक वही

समिती मोठी करू नका. पंधरा जणांच्या समितीत फोटो काढायला पंधरा असतात, विहीर मोजायला कोणी नसतं. चार पुरेत: एक रोज त्या बाजूला वावरात जाणारा, एक बचत गटातली बाई, एक हिशेबी पोरगा किंवा पोरगी, आणि पंचायतीचा जलसुरक्षक. जलसुरक्षक का? जल जीवन मिशनमध्ये गावागावांत पाणी तपासायचे किट दिले गेले आणि प्रत्येक गावातल्या पाच महिलांना ते वापरायला शिकवलं गेलं. किट कुठे आहे ते जलसुरक्षकाला माहीत असतं. रसायनांची मुदत संपली असेल तर नवं मागवा.

वही पक्क्या बांधणीची घ्या, सुट्या पानांची नको. पानांना आधीच नंबर घाला. पहिल्या पानावर ग्रामपंचायतीचा शिक्का आणि तारीख. ग्रामसभेत ठराव घ्या की या चौघांना नोंदी ठेवायला नेमलं आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जी ग्रामसभा आधी येईल ती पकडा. जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी प्रत्येक पंचायतीत असतेच. तिच्या नोंदवहीत गावातली झाडं, पाणवठे, चराई लिहिलेली असली तर ती तुमची सर्वात जुनी साक्ष ठरते.

नोंद अशी दिसावी:

*१२ मार्च, सकाळी ६.१०. विहीर क्र. ३. काठावरच्या लाल खुणेपासून पाणी ३१ फूट ४ इंच. मोटार काल संध्याकाळपासून बंद. पाणी नितळ. सामू (पीएच) ७.५. मोजणारे दोघे, सह्या.*

"पाणी चांगलं होतं" ही नोंद नव्हे. "धूळ खूप आहे" हीसुद्धा नाही.

इशारा: खाडाखोड करू नका. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा लिहा आणि सही करा. पांढरी शाई दिसली की समोरच्या वकिलाचं काम झालं.

## टप्पा ३: मूळ नोंद

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. काम सुरू होण्याआधी निदान एक उन्हाळा हातात मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर पंधरा दिवस तरी.

विहिरी. कामाच्या पट्ट्यालगतच्या पाच-सहा विहिरी आणि बोअर निवडा. आता महत्त्वाचं: दोन विहिरी अशा निवडा ज्या कामापासून लांब आहेत, पण त्याच प्रकारच्या जमिनीत, शक्यतो त्याच नाल्याच्या वरच्या अंगाला आहेत. या तुलनेच्या विहिरी. उन्हाळ्यात सगळ्याच विहिरी खाली जातात. एप्रिलमध्ये तुलनेची विहीर चार फूट उतरली आणि कामाजवळची अकरा फूट, तर तुमच्याकडे विचारायला प्रश्न आहे. तुलनेची विहीर नसेल तर समोरचा "यंदा पाऊसच कमी झाला" म्हणून मोकळा.

मोजायला दोरी आणि खाली जाड नट बांधलेला टेप पुरतो. विहिरीच्या काठावर ऑईल पेंटने खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. वेळ पहाटेची, मोटार सुरू होण्याआधीची. मोटार चालू असताना मोजलेली पातळी कवडीमोलाची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. निदान त्या महिन्यांत तुमचीही नोंद असू द्या, म्हणजे सरकारी आकड्याशी ताडून पाहता येईल.

पाण्यासाठी सामू, गढूळपणा आणि क्षार एवढं गावच्या किटवर पाहा. सामू ६.५ ते ८.५ ही पिण्याच्या पाण्याची हद्द, गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत हवा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. दोन विहिरींचं पाणी मात्र प्रयोगशाळेतून तपासून घ्या. गावच्या किटचा आकडा इशारा द्यायला पुरतो, वादात प्रयोगशाळेचा कागद लागतो.

नाला आणि पुराची खूण. नाल्यावर तीन जागा ठरवा: कामाच्या वर, कामाजवळ, कामाच्या खाली. काठापासून काठापर्यंत दोरी ताणा, दर तीन फुटांवर काठीने खोली मोजा, कागदावर आकृती काढा. मग गावातल्या जुन्या माणसाला घेऊन जा आणि विचारा, मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठवर होतं. त्या झाडावर किंवा मंदिराच्या ओट्यावर रंगाची खूण करा, फोटो काढा, सांगणाऱ्याची सही घ्या.

घरं. सुरुंग लागणार असतील तर हे सोडूच नका. खदानीच्या बाजूच्या घरांच्या भिंतीतल्या आजच्या भेगा मोजा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख. मोठ्या भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवा. भेग वाढली की काच तडकते. काचेला राजकारण कळत नाही, म्हणून तिच्यावर माझा विश्वास आहे. विहिरीच्या दगडी बांधणीचेही फोटो घ्या.

झाडं. परवानगीच्या यादीशी पडताळून प्रत्येक झाडाला नंबर, जात आणि छातीच्या उंचीवरचा घेर. मोह, कडुनिंब, बाभूळ नाव लिहून मोजा. यादीत "किरकोळ झाडे" असा शब्द दिसला तर सावध व्हा, त्यात चांगला दोन मिठ्यांचा मोह लपलेला मी पाहिला आहे.

पांदण (शेतरस्ता) आणि धुरे (बांध). ज्या पांदणीवरून हायवा जाणार, तिची रुंदी आणि दोन्ही बाजूंची चर मोजा. काळ्या जमिनीत एका पावसाळ्यात पांदणीचा नाला होतो आणि मग धुरा कुठे होता यावरून भावाभावांत जुंपते.

फोटोबद्दल. फोनचं लोकेशन चालू ठेवा. फोटोत एखादी न हलणारी वस्तू येऊ द्या: खांब, मंदिर, मोठं झाड. दर वेळी त्याच जागेवरून, त्याच दिशेने. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची माहिती गळून पडते. मूळ फोटो फोनमध्ये आणि एका पेनड्राइव्हवर राहू द्या. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

तपासा: वही अनोळखी माणसाच्या हातात द्या. त्याला विहीर क्रमांक ३ वर जाऊन तीच खूण सापडली, तरच मूळ नोंद पूर्ण झाली.

## टप्पा ४: काम चालू असताना

आठवड्यातून एक फेरी, ठरलेल्या वारी. दर आठवड्याला सगळं मोजायची गरज नाही. पहिल्या महिन्यात उत्साहाने रोज मोजणारी गावं तिसऱ्या महिन्यात थंड पडतात.

धूळ. इथली सर्वात मोठी चूक म्हणजे मोबाईलवरचं हवेचं ॲप. ते दाखवतं तो आकडा कुठल्या तरी शहरातल्या यंत्राचा किंवा नुसत्या अंदाजाचा असतो. तुमच्या पऱ्हाटीवर काय बसतंय ते त्याला ठाऊक नसतं. देशाच्या मानकाप्रमाणे पीएम-१० (हवेतले बारीक धूलिकण) चोवीस तासांत सरासरी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आत हवं. पण ते मोजायला यंत्र लागतं आणि ते प्रदूषण मंडळाने किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने लावायचं असतं.

तुम्ही करू शकता ते असं: एकसारखी तीन खोल पातेली घ्या. एक कामाच्या रस्त्यालगतच्या धुऱ्यावर, एक साधारण शंभर मीटर आत, एक अर्धा-एक किलोमीटर लांब. खांबावर छातीच्या उंचीला, वर तारेची जाळी, चुलीच्या धुरापासून दूर. सात दिवसांनी धूळ ब्रशने कागदावर घ्या, पुडीवर तारीख-जागा लिहा आणि तालुक्याच्या सोनाराकडे काट्यावर वजन करा. मधे पाऊस पडला तर तो आठवडा बाद. हा आकडा मानकाशी ताडता येत नाही, आणि तसं अर्जात लिहूही नका. रस्त्यालगत लांबच्यापेक्षा कितीपट धूळ पडते, एवढंच तो सांगतो, आणि मंडळाला यंत्र घेऊन यायला भाग पाडायला तेवढं पुरतं.

सोबत पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या लिहा, तासासकट. साहेब येणार त्या सकाळी रस्ता न्हाऊन निघतो, दुपारी दोनला तिथेच समोरचा माणूस दिसत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर ही नोंद काटेकोर ठेवा, कारण बोंडं फुटलेली असतात आणि धूळ बसलेला कापूस व्यापारी भाव पाडून घेतो. त्या दिवसांची काटापट्टी जपून ठेवा, आतल्या वावरातल्या कापसाच्या पट्टीसह. संत्र्याच्या बागेत धुळीने कोळी ही कीड वाढते. पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि कृषी सहायकाला बोलावून लेखी शेरा मिळवा.

क्रशरसाठी मानक वेगळं आहे: यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेतले धूलिकण ६०० मायक्रोग्रॅमच्या आत. पट्ट्यावर आच्छादन आहे का, पाण्याचे फवारे चालू आहेत का, भोवती भिंत आणि झाडांची रांग आहे का, हे संमतीपत्राच्या अटींशी एकेक करून ताडा.

मुरमाचा खड्डा. ब्रासचा हिशेब सोपा आहे, तरी लोक तोंडी "हजारो ब्रास नेला" म्हणतात. लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजा, गुणाकार करा, शंभराने भागा. २०० फूट लांब, १५० फूट रुंद, १० फूट खोल म्हणजे ३,००,००० घनफूट, म्हणजे ३,००० ब्रास. परवाना १,००० ब्रासचा असेल तर पुढचं सांगायला नको. खोली एकाच जागी मोजू नका, पाच जागी मोजून सरासरी काढा. गाड्यांच्या फेऱ्यांवरून हिशेब करताना लक्षात ठेवा, सुटा झालेला मुरूम फुगतो. खड्ड्यातले ब्रास आणि गाडीतले ब्रास जुळणार नाहीत. तुमचा आकडा नुसता इशारा म्हणून द्या आणि तहसीलदारांकडे ईटीएस (इलेक्ट्रॉनिक यंत्राने होणारी) मोजणी मागा.

उत्खनन परवान्यातल्या गटातच चालू आहे का, हेही पाहा. खड्डा शेजारच्या गायरानात सरकत जातो आणि वर्षभराने कोणाला आठवत नाही सुरुवात कुठून झाली. तलाव किंवा नाला खोल करून निघालेला मुरूम महामार्गाला देण्याचा प्रयोग बुलढाणा जिल्ह्यात झाला आहे. नीट झाला तर गावाला पाणी मिळतं. पण पाळीचा (तलावाच्या बांधाचा) पाय पोखरला तर तलावच जातो. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळी मातीच्या आहेत, पोकलेन पाळीच्या जवळ आला की त्याच दिवशी लेखी कळवा.

इशारा: हायवा अडवू नका, चालकाची पावती हिसकावू नका, चालू खदानीत उतरू नका. रस्त्यावरून गाडीचा नंबर, वेळ आणि दिशा लिहा. वाहतूक पास तपासायचं काम महसूलचं आहे. गाडी अडवलेल्या पोरांवर गुन्हे दाखल झाले की मूळ विषय बाजूला राहतो आणि गाव जामिनाच्या मागे लागतं.

सिमेंटचं धुवण. मिक्सर गाड्या नाल्यात धुणं ही सर्रास चालणारी गोष्ट. पाणी दुधाळ दिसतं आणि सामू ११-१२ पर्यंत जाऊ शकतो. नाल्याच्या वरच्या आणि खालच्या जागेचा सामू त्याच तासात मोजा. वर ७.५ आणि खाली १० असेल तर तिथेच उभं राहून प्रदूषण मंडळाच्या कार्यालयाला फोन करा, मग ई-मेल. दुसऱ्या दिवशी पुरावा वाहून गेलेला असतो.

सुरुंग. वेळ, आवाज किती वेळा झाला, दगड कुठवर उडाले, काचेची पट्टी शाबूत आहे का. साध्या घरांसाठी कंपनाची मर्यादा कमी कंप्रतेला (सेकंदाला कमी हेलकावे असताना) ५ मिलिमीटर प्रति सेकंद इतकी कडक आहे. ती मोजायचं यंत्र खदानवाल्याने आणायचं असतं. तुम्ही फक्त नोंदींची मागणी लेखी करा.

आवाज. मोबाईल ॲप चालेल, पण अंदाजापुरतं. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६.

## टप्पा ५: मे महिन्यातली फेरी

एकच फेरी करायची असेल तर ही करा. १ मेच्या ग्रामसभेत विषय घ्या आणि त्याच आठवड्यात ठेकेदाराच्या इंजिनिअरला लेखी बोलावून कामाच्या पट्ट्यावरून चाला.

रस्त्याचा भराव म्हणजे उताराला आडवा बांध. काळ्या जमिनीत पाणी नाल्यातूनच वाहतं असं नाही, वावरावरून पसरूनही येतं. ते भरावाला अडतं आणि वरच्या अंगाचं सोयाबीन आठ दिवस पाण्यात उभं राहतं. म्हणून पाहा:

- नकाशात जेवढ्या मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा) आहेत तेवढ्या जागेवर आहेत का, आणि त्याच ठिकाणी आहेत का.
- पाइपचा तळ नाल्याच्या तळापेक्षा वर आहे का. वर असेल तर पाइप कितीही मोठा असो, तेवढं पाणी मागे तुंबणारच. काठी आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन हे दहा मिनिटांत तपासता येतं.
- कामासाठी नाल्यात टाकलेले तात्पुरते पाइप आणि मुरमाचा रपटा (तात्पुरती वाट) निघाला का. या एका गोष्टीने सर्वात जास्त वावरं खरडली जातात.
- मोरीच्या पुढे पाणी कुठे जातं. बरेचदा मोरी थेट एखाद्याच्या वावरात तोंड काढून संपते, पुढे चरच नसते.
- काढलेली काळी माती वेगळी रचली आहे का. ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको आणि नाल्याच्या काठाला तर नकोच.
- मुरमाच्या खड्ड्यांना कुंपण आहे का. पावसाळ्यात ते भरतात, वरून डबकं दिसतं, आत पुरुषभर पाणी असतं. पोरं आणि ढोरं दोन्ही तिथेच जातात.

चालताना जे दिसेल ते तिथेच दोन प्रतींत लिहा, इंजिनिअरची सही घ्या. सही नाकारली तर "सही करण्यास नकार" असं लिहून दोन पंचांच्या सह्या घ्या. पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो, म्हणजे दुरुस्तीला चार-पाच आठवडे असतात. जूनमध्ये केलेली तक्रार चिखलात रुतते, कारण तेव्हा यंत्रच वावरात उतरत नाही.

## टप्पा ६: नुकसान झालं तर पहिले दोन दिवस

१. मापं आधी, साफसफाई नंतर. वावरात साचलेल्या गाळाची जाडी पाच जागी मोजा.

२. आपल्या महसूल मंडळाचा त्या दिवसाचा पावसाचा आकडा मिळवा. हे का? ठेकेदाराचं पहिलं उत्तर असतं, "अतिवृष्टी झाली." मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पाऊस ४० मिलिमीटर असेल आणि वावर खरडलं असेल, तर कारण आभाळात शोधायचं नाही. ६५ च्या वर असेल तरी तुलनेची वावरं दाखवा: तोच पाऊस, तोच उतार, भराव नाही, नुकसान नाही.

३. तलाठ्याला (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी सहायकाला लेखी कळवून पंचनामा करून घ्या. पंचनाम्यात नुकसानीचं कारण लिहिलं गेलं का ते सही करण्याआधी वाचा. "पुरामुळे नुकसान" एवढंच लिहिलेल्या कागदावर सही केली की पुढची वाट बंद. "भरावामुळे पाणी अडून" हे शब्द येत नसतील तर स्वतःच्या हाताने तसा शेरा लिहून मग सही करा.

४. विहीर बिघडली असेल तर त्या विहिरीचं आणि तुलनेच्या विहिरीचं पाणी एकाच दिवशी प्रयोगशाळेत द्या. रासायनिक तपासणीला स्वच्छ दोन लिटरची कॅन चालते, जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली हवी.

## टप्पा ७: अर्ज, एक विषय एक दार

सगळं एका निवेदनात लिहून कलेक्टरला देणं हा आपला आवडता प्रकार. तिथून ते पाच टेबलांवर जातं आणि प्रत्येक टेबल म्हणतं, "हा विषय आमचा नाही." त्याऐवजी:

मुरूम, गिट्टी, वाळू, वाहतूक पास: तहसीलदार. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) मध्ये बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, अर्जात कलम लिहा.

क्रशर, प्लान्ट, धूळ, सांडपाणी, आवाज: प्रदूषण नियंत्रण मंडळ. विदर्भात प्रादेशिक कार्यालयं नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरला आहेत.

पर्यावरण मंजुरीतल्या अटींचा भंग: केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं नागपूरचं प्रादेशिक कार्यालय. अटीचा क्रमांक, सहामाही अहवालात कंपनीने काय लिहिलं आणि जागेवर काय आहे, असे तीन रकाने करून द्या. ही मांडणी सर्वात लवकर हलते असा माझा अनुभव आहे.

मोरी, पाइप, चर, पांदण: काम करून घेणारा विभाग, त्याची प्रत ठेकेदाराला.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांकासह. वहीच्या प्रती जोडा, मूळ वही कोणाच्याही हातात देऊ नका, कितीही मोठे साहेब असोत.

मुदत लक्षात ठेवा: राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे (आपल्यासाठी पुणे खंडपीठ) वाद न्यायचा तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत, आणि सबळ कारण असेल तर वर ६० दिवस. नुकसानभरपाईच्या अर्जाला पाच वर्षं आहेत. "साहेब बघतो म्हणाले" म्हणून थांबलेल्या कितीतरी गावांचे हे सहा महिने वाट पाहण्यात निघून गेले.

## टप्पा ८: ठेकेदार गाव सोडण्याआधी

प्लान्ट उचलला, कंटेनर ऑफिस गेलं, की फोन उचलायला कोणी राहत नाही. म्हणून काम ऐंशी टक्क्यांवर आलं की विभागाला पत्र द्या: शेवटचं देयक आणि अनामत रक्कम सोडण्याआधी गावासोबत संयुक्त पाहणी करावी. टप्पा ३ मधली प्रत्येक जागा पुन्हा मोजा, त्याच खुणेवरून, त्याच कोनातून. खड्डे सपाट किंवा कुंपणबंद झाले का, प्लान्टच्या जागेवरचं डांबर आणि सिमेंटचे थर खरवडून काढले का, काळी माती परत पसरली का, पांदण पूर्वीच्या रुंदीची केली का.

लावलेली झाडं त्या दिवशी मोजू नका. पावसाळ्यात लावलेलं रोप ऑगस्टमध्ये सगळीकडे हिरवंच असतं. वहीत पुढच्या तीन मे महिन्यांच्या तारखा आत्ताच टाकून ठेवा आणि त्या उन्हात जाऊन मोजा: किती खड्डे, किती जिवंत, किती नुसत्या जाळ्या.